मास्तरांचा जुलै

मास्तरांकडे कुणाची तक्रार घेऊन जाण्यात काही अर्थ नसे. ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे, चष्मा पुसायचे, आणि मग ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याची बाजू अशी काही मांडायचे की त्या माणसाला स्वतःलाही ती तशी मांडता आली नसती. तक्रार घेऊन गेलेल्याचं डोकं फिरायचं. माझं तर हमखास फिरायचं, कारण ते मुळातच लवकर फिरतं.

आमची पहिली भेटच अशी झाली. जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या एका गावात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. तीन मजली घर. तळमजल्यावर मास्तर एकटे, मधे आम्ही तिघं, वर एक म्हाताऱ्या बाई. या भागात केअरवोख नावाची एक रीत आहे. दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली असते. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना आणि घरासमोरचा रस्ता झाडायचा. मी सकाळी उठून जिना लख्ख केला होता. दुपारी पाहतो तर वरच्या बाईंनी पाटी पुन्हा माझ्याच दाराला अडकवलेली, वर चिठ्ठी: नीट झाडलेलं नाही. मी जिन्यात उभा राहून मराठी आणि जर्मन मिसळून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडलं आणि एक उंच, वाकलेला माणूस म्हणाला, "हेर याग्दाळे, कॉफी तयार आहे."

हेर म्हणजे श्रीयुत, आणि माझं आडनाव जगदाळे. जर्मन जिभेवर ते याग्दाळे होतं, आणि मास्तरांनी ते शेवटपर्यंत तसंच ठेवलं.

कॉफी घेताना ते म्हणाले, "बाहेरच्या पायरीच्या कोपऱ्यात पानं साचतात. तिथे झाडलंत?"

"जिना झाडला मी! आरशासारखा केला!"

"आल्झो, म्हणजे असं बघा, त्या बाईंचे यजमान त्याच कोपऱ्यात ओल्या पानांवरून घसरले होते. त्यानंतर ते चालले नाहीत. बाई जिना बघतच नाहीत. त्या फक्त तो कोपरा बघतात."

"म्हणजे त्यांचं बरोबर?"

"असं मी म्हटलं का? पाटी अडकवण्याआधी त्यांनी तुमचं दार वाजवायला हवं होतं. पण वर जाऊन ओरडायचंच असेल, तर एवढं माहीत असलेलं बरं."

मी वर गेलो नाही. खाली गेलो आणि कोपरा झाडला. झाडताना चडफडत होतो, पण झाडला.

मास्तर हे नाव मी दिलेलं. ते गिम्नाझियममध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या शाळेत, इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. आमच्याकडे शिक्षकाला असं म्हणतात, हे सांगितल्यावर त्यांनी ते दोन-चारदा उच्चारून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. पुढे आमच्या घरात त्यांचं खरं नाव कुणी घेतलंच नाही.

माझं शिक्षण सांगायचं तर मी आयटीआयचा फिटर. भोसरीच्या वर्कशॉपमधून एका कंपनीने मला मशिनं उभी करायला इकडे पाठवलं, आणि इथले छोटे कारखाने एकामागून एक बंद होताना पाहून मला धंदा सुचला. म्हातारा मालक निवृत्त होतो, मुलाला कारखाना नको असतो, आणि उत्तम लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग मशिनं धूळ खात पडतात. ती मी विकत घेतो, कंटेनरमध्ये भरून भोसरीला पाठवतो. तिथे माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, ती दुरुस्त करून विकतात. कुणी हात धरून शिकवलं नाही. भाव करायला शिकलो तो धक्के खाऊनच.

इरा, माझी मुलगी, मास्तरांकडे जायला लागली ती शाळेतल्या एका विषयामुळे. पहिलं महायुद्ध का झालं, यावर तिला वर्गात बोलायचं होतं. पोरीला तारखा पाठ होत्या. पण सारायेव्होच्या रस्त्यावर एका विद्यार्थ्याने ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली म्हणून आपल्या गावच्या द्राक्षमळ्यातली माणसं फ्रान्समध्ये जाऊन का मेली, हे तिला काही केल्या जुळवता येईना. मी मास्तरांकडे गेलो आणि शिकवणीचं विचारलं.

"पैसे नकोत," मास्तर म्हणाले.

"मी फुकट काही घेत नाही."

"मग खुर्ची घ्या. तुम्हीही बसा. मला एक माणूस कमी पडतोय."

आयुष्यात इतक्या सौद्यांत बसलो, पण असला सौदा पहिलाच.

मास्तर त्या खेळाला नुसतं 'जुलै' म्हणत. युवराजाचा खून झाल्यापासून युद्ध सुरू होईपर्यंतचा तो १९१४ सालचा उन्हाळा ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळायला लावत. प्रत्येकाला एक देश. त्या दिवशी त्या देशाच्या सरकारला जेवढं माहीत होतं तेवढंच ते सांगणार. पुढे काय झालं हे विसरून आपण निर्णय घ्यायचा, तोही कप रिकामा व्हायच्या आत. शाळेत वर्षानुवर्षं त्यांनी हेच केलं होतं. इराला रशिया मिळाला, जर्मनी त्यांनी स्वतःकडे ठेवला, आणि मला दिला ऑस्ट्रिया.

"मलाच ऑस्ट्रिया का?"

"तुमच्यावर अन्याय झालाय. तुमचा युवराज मारला गेलाय. आणि अन्याय झाला की तुम्हाला फार हुरूप येतो, हेर याग्दाळे."

इरा खाली मान घालून हसत होती. इतक्यात शुभा, माझी बायको, पोह्यांची बशी घेऊन खाली आली, तर मास्तरांनी तिलाही बसवून घेतलं. सर्बिया रिकामाच होता.

मी माझ्या मागण्या लिहिल्या. मागण्या लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माफी मागा, ती वर्तमानपत्रात छापा, आमच्याविरुद्ध बोलणारे अधिकारी काढून टाका, आणि खुनाच्या चौकशीला आमची माणसं तुमच्या देशात येऊन बसतील. शुभाने कागद वाचला आणि सरळ मराठीत सुरू झाली.

"अहो, माफी मागते. छापतेसुद्धा. माणसं काढते. पण तुमची माणसं माझ्या घरात येऊन चौकशी करणार, हे नाही चालायचं. उद्या सासूबाई म्हणतील, मी येऊन तुझे डबे तपासते. मी तपासू देईन?"

इराने ते जर्मनमध्ये सांगितलं, तेव्हा मास्तर इतके हसले की कॉफी सांडली. "गेनाऊ! गेनाऊ! अगदी बरोबर!" ते टेबल पुसत म्हणाले. "सर्बियाचं उत्तर जवळजवळ असंच होतं. बरंचसं मान्य, काही ठिकाणी पळवाटा, आणि या एका गोष्टीला स्पष्ट नकार."

"मग ऑस्ट्रियाने काय केलं?" शुभाने विचारलं.

"त्यांच्या राजदूताच्या बॅगा उत्तर यायच्या आधीच भरलेल्या होत्या. त्याने कागदावर नजर टाकली आणि सरळ गाडी पकडली. पुढे आमच्या कैसरने ते उत्तर वाचलं, तेव्हा त्यालासुद्धा वाटलं की आता युद्धाचं कारण उरलं नाही. पण त्याचं म्हणणं व्हिएन्नाला पोचेपर्यंत युद्ध जाहीर झालं होतं."

"तरी थांबवता आलं असतं," मी म्हणालो.

"तोवर सैन्यं हलवायची वेळापत्रकं निघाली होती. कुठली गाडी कुठल्या पुलावरून कधी जाणार, सगळं आखलेलं. एकाने सुरू केलं की दुसऱ्याला थांबायची भीती. आणि सेनापती सांगतात, आता बदल केला तर सगळा गोंधळ होईल."

माझं रक्त तापलं होतं. "ते सगळं असू द्या, पण सुरुवात त्यांनी केली! माणूस आमचा मेला!"

"पापा," इरा जर्मनमध्ये म्हणाली, "हा खेळ आहे." ती घरात सगळं मराठी समजते, बोलते मात्र जर्मन.

मास्तर स्वतःच्या घराविषयी फारसं बोलत नसत. एकदाच बोलले. त्यांच्या आजोबांचा धाकटा भाऊ इथल्याच द्राक्षमळ्यात काम करायचा. युद्धाचं बोलावणं आलं तेव्हा त्याने अर्धवट राहिलेलं काम भावाच्या हाती दिलं आणि सांगितलं की द्राक्षं तोडायला परत येतो. त्या वर्षी द्राक्षं बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी तोडली. "आमच्या घरात हे वाक्य इतक्या साधेपणाने सांगायचे," मास्तर म्हणाले, "की मला लहानपणी वाटायचं, तो अजून यायचाय." मग त्यांनी खिडकी उघडली आणि हवेबद्दल बोलायला लागले.

माझ्या धंद्याचं त्यांना भारी कुतूहल. एकदा हट्टाने माझ्याबरोबर आले. हाइलब्रॉनच्या पलीकडे एक म्हातारा मालक आपला कारखाना मोडत होता. मी एका ग्राइंडिंग मशिनचा सौदा केला. मी आवाज चढवला, उठून दारापर्यंत गेलो, परत आलो, हात मिळवला. मास्तर कोपऱ्यात स्टुलावर बसून नाटक बघावं तसं बघत होते. परतताना गाडीत म्हणाले, "तो अजून खाली आला असता. तुम्ही मधेच का थांबलात?"

"त्याला संध्याकाळी बायकोसमोर जेवायला बसायचंय. चांगला भाव मिळाला, असं त्याला तिला सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं, तर उद्या फोन करून सौदा मोडेल."

मास्तर हे ऐकून मान डोलवत राहिले. मग म्हणाले, "१९१४ साली तुम्हाला पाठवायला हवं होतं. युद्ध टळलं असतं." आणि थोडं थांबून, "अर्थात युरोपातली सगळी मशिनं भोसरीला गेली असती."

आता दाजींचं सांगायला हवं. माझी भाची मुक्ता, ताई-दाजींची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न ठरलं. मुक्ताला मी खांद्यावर बसवून हिंडवलंय. तिचा सख्खा मामा मी एकटा. आपल्याकडे मुलीला मांडवात कोण आणतं? मामा. मंगलाष्टकं होताना तिच्या पाठीशी कोण उभा राहतो? मामा. तर लग्नपत्रिका फोनवर आली, आणि मामा म्हणून नाव कुणाचं? विलासचं! माझ्या चुलतभावाचं. माझं नाव कुठेच नाही, अगदी खालच्या ओळीतही नाही.

मी दाजींना फोन लावला. ते म्हणाले, "सदा, तूच म्हणालास ना, त्या आठवड्यात लिलाव आहे, जमेलसं दिसत नाही, बघू."

"'बघू' म्हणालो! 'येत नाही' म्हणालो का?"

"वास्तुशांतीलाही 'बघू'च म्हणाला होतास, आणि आला नाहीस. मुलगी मांडवाच्या दारात उभी राहील आणि मामा विमानतळावर. मी काय करायचं?"

मी फोन आपटला. ज्या धंद्यावर त्यांचं घर उभं राहिलं तो धंदा मी इथे बर्फात उभं राहून चालवला, आणि पत्रिकेवर विलास. दाजी चुकले होते. आजही माझं तेच मत आहे.

मी बसून निरोप लिहिला. पत्रिका बदला. मामा मीच राहीन. घरच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागा. विलासला स्वतः फोन करून सांगा. आणि यापुढे भोसरीच्या ऑफिसात माझा माणूस बसेल, तो सगळे व्यवहार बघेल. रविवार संध्याकाळपर्यंत उत्तर द्या, नाहीतर मी लग्नाला येत नाही, आणि धंदाही वेगळा. हा निरोप किती चोख झालाय हे कुणाला तरी दाखवावंसं वाटलं, म्हणून खाली जाऊन मास्तरांना वाचून दाखवला.

त्यांनी चष्मा पुसला. पुढे काय येणार ते मला कळलं.

"तुमच्या दाजींची एकुलती एक मुलगी," ते म्हणाले. "मुहूर्ताला मामा नसेल तर चारचौघांत काय होईल, ही काळजी त्यांना आहे. तुमचा 'बघू' त्यांनी आधी ऐकलाय. त्यांनी विचारायला हवं होतं, हे खरं. पण विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? बघू."

"तुम्ही माझ्या बाजूचे की त्यांच्या?"

"एक सांगा. मशिन घेताना समोरचा नक्की नाही म्हणेल, अशी किंमत कधी लिहिता का?"

"कशाला लिहू? मग तिथे जायचंच कशाला?"

"मग ती ऑफिसातल्या माणसाची अट कशासाठी आहे?"

मी फोन खिशात टाकला. त्यांनी पुढे विचारलं, "समजा, ते सगळ्याला हो म्हणाले. तुम्हाला आनंद होईल?"

मी उठलो, दार आपटलं, आणि जिन्यातच निरोप पाठवून दिला.

दाजींचं उत्तर शनिवारीच आलं. मी ते वाचलं, आणि खरं सांगतो, शेवटच्या अटीला नकार दिसला तेव्हा मला बरं वाटलं. मी कामाला लागलो. विमानाची तिकिटं रद्द केली. भोसरीला निघायचा कंटेनर बंदरावर थांबवायला सांगितला. कोइम्बतूरचं एक गिऱ्हाईक बरेच दिवस मागे लागलं होतं, त्याला फोन केला. शुभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"अहो, ताईंना काय सांगू?"

"दाजींना विचारा म्हणावं."

तिने पदर खोचला आणि खाली गेली.

मास्तर आमच्या घरी कधी आले नव्हते. त्यांचं हृदय अशक्त होतं, जिना चढायला डॉक्टरांनी मनाई केली होती; आम्हीच खाली जायचो. त्या दिवशी ते आले. शुभाच्या खांद्यावर हात ठेवून, मधे थांबत थांबत. दारातल्या बूट घालायच्या स्टुलावरच बसले, आत यायचं त्राण नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. मी पाणी आणलं. ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"उत्तर वाचा," ते म्हणाले. "मला समजेल असं, सगळं."

मी जर्मनमध्ये सांगायला लागलो. पत्रिका पुन्हा छापतो म्हणतात. मामा मीच म्हणतात. ग्रुपवर लिहितो म्हणतात. विलासशी बोलतो म्हणतात. "आणि ऑफिसात माणूस बसवायला नकार. स्पष्ट नकार."

इरा माझ्या मागून फोनमध्ये बघत होती. "पापा, त्यांनी अजून लिहिलंय."

"तू गप बस."

"काय लिहिलंय?" मास्तरांनी तिला विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि दाजींची ओळ जर्मनमध्ये सांगितली: 'माणूस तेवढा बसवू नकोस सदा, ज्या पोरांना मी काम शिकवलं त्यांच्यासमोर माझी काय राहील?'

मास्तर भिंतीला टेकून श्वास घेत होते. मला वाटलं, आता सर्बिया निघेल, राजदूत निघेल. पण त्यांनी युरोपाचं नाव काढलं नाही.

"तुमचे दाजी भाव करत नाहीयेत," ते म्हणाले. "ते तुम्हाला विनंती करतायत. हेर याग्दाळे, तुमची बॅग कुठे आहे?"

"कसली बॅग? मी तिकिटं रद्द केलीत."

"तेच विचारतोय. पुन्हा काढता येतील?"

"महाग पडतील."

"या," मास्तर म्हणाले. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो. "पडू देत."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. पहिल्या रिंगलाच दाजींनी उचलला.

"दाजी, ते ऑफिसात माणूस वगैरे राहू द्या."

पलीकडे दाजींनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "बरं."

"ग्रुपवरही काही लिहू नका. पोरीच्या लग्नात नसता तमाशा."

"बरं. पत्रिका?"

"पत्रिका बदला!"

"बदलतो रे. ओरडतोस काय? पण येणार आहेस ना? का पुन्हा 'बघू'?"

माझ्या कानशिलात पुन्हा रक्त चढलं. समोर मास्तर डोळे मिटून बसले होते, शुभा त्यांना वारा घालत होती. मी म्हणालो, "येतो. लिलाव गेला खड्ड्यात." त्या लिलावातलं एक मशिन अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, ते जाऊ दे.

मग दाजी म्हणाले, "तुझ्याजवळ कोण आहे? कुणाला तरी दम लागलाय." मी सांगितलं. दाजींना आणि मास्तरांना एकमेकांशी बोलायचं होतं, इराला मधे घातलं; त्या दिवशी ती मोडक्यातोडक्या मराठीतही बोलली. मास्तर काय बोलले, तर माझीच बाजू! हा माणूस रागावतो तेव्हा त्याला कुणाला तरी गमवायची भीती वाटत असते. इथे तो सगळ्यांशी परक्या भाषेत भांडतो, आणि हक्काने भांडायला याला तुमच्याशिवाय दुसरं घर नाही. मी तिथून उठून गॅलरीत गेलो.

लग्न झालं. मुक्ताला मी मांडवात आणलं. ती शालूत अडखळली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता. दाजींनी मला फेटा बांधला, पंगतीत शेजारी बसवून घेतलं, जिलेबी वाढायला स्वतः उठले. एकच गोष्ट केली नाही. 'सदा, माझं चुकलं,' एवढे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. मी वाट पाहिली. विमानतळावर निरोप घेईपर्यंत पाहिली.

परत आलो तेव्हा मास्तर हायडेलबर्गच्या इस्पितळात होते. मी लग्नाचे फोटो घेऊन गेलो. त्यांनी प्रत्येक फोटो पाहिला, फेट्यात मी एखाद्या सेनापतीसारखा दिसतो म्हणाले. मग मी मुद्द्यावर आलो.

"सगळं दिलं त्यांनी, पण चूक कबूल केली नाही. आता तरी सांगा, चूक कुणाची होती?"

मास्तर हसायला गेले आणि त्यांना खोकला आला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चौदा सालचं युद्ध कुणामुळे झालं, यावर शंभर वर्षं वाद चाललाय. मी स्वतः जन्मभर वाद घातला. कपाटं भरली आहेत पुस्तकांनी. वाद घालायला मिळाला, कारण युद्ध झालं." त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात अगदी हलका झाला होता. "तुमचं झालं नाही. म्हणून तुम्हाला निकाल मिळणार नाही, हेर याग्दाळे. तेवढं सोसा."

मला ते पटलं नव्हतं. मी तसं तोंडावर सांगितलंही. "कळतंय मला," ते म्हणाले, आणि पुन्हा फेट्यातला फोटो मागितला.

त्यानंतर दोनदा गेलो. तिसऱ्यांदा जायची तयारी करत होतो, तेव्हा बाहेरगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलाचा फोन आला. गावाच्या वरच्या अंगाला, द्राक्षमळे सुरू होतात तिथे त्यांची कबर आहे. इतक्या माणसांशी मी व्यवहार केले. प्रत्येकाला काय दिलं आणि काय मिळालं हे मला सांगता येतं. मास्तरांच्या बाबतीत मात्र मी फक्त घेतलं. ज्या जिन्याला डॉक्टरांनी मनाई केली होती तो जिना ते माझ्यासाठी चढले, आणि मी आत येऊन बसा म्हणायचंही विसरलो होतो.

गेल्या उन्हाळ्यात मुक्ता आणि तिचा नवरा इथे आले होते. मी त्यांना गाव दाखवायला निघालो. शुभाने बागेतली फुलं दिली, म्हणून आम्ही वर कबरीपाशी गेलो.

"हे कोण, मामा?"

"आमचे मास्तर. इराला इतिहास शिकवायचे."

मुक्ताने फुलं ठेवली. इरा बाजूची वाळकी पानं उचलत होती. खाली नेकार नदी दिसत होती. लग्नाच्या गोष्टी निघाल्या आणि मुक्ता हसत म्हणाली, "मामा, एक गंमत तुम्हाला कुणी सांगितली की नाही? माझ्या पत्रिका दोनदा छापाव्या लागल्या होत्या. त्या प्रिंटरने तुमचं नावच गाळलं होतं. बाबा त्याच्यावर इतके भडकले होते म्हणे!"

प्रिंटरने! मजकूर दाजींनी स्वतः लिहून पाठवला होता, विलासच्या नावासकट. माझ्या फोनमध्ये ती पहिली पत्रिका अजून आहे, दाजींचे निरोप आहेत, सगळा पुरावा आहे. माझा हात खिशाकडे गेला. इरा पानं उचलायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

मुक्ता अजून हसत होती. तिला खरोखरच काही माहीत नव्हतं.

"हो ना," मी म्हणालो. "प्रिंटरचीच चूक होती ती."